ही फाइल उघडंना, भाऊ

"भाऊ, व्हिडिओ हाय, पण उघडंना." हिंगोलीत व्हिडिओ मिक्सिंगचं आणि संगणक दुरुस्तीचं काम करताना हे वाक्य माझ्या कानावर सतत पडतं. पाठोपाठ दुसरं येतं, "करप्ट झालाय म्हणतेत. डिलीट करू का?" मी आधी पेनड्राइव्ह ताब्यात घेतो आणि मगच बोलायला लागतो. कारण त्यावर कुणाच्या वडिलांचं शेवटचं कीर्तन असतं, कुणाच्या बहिणीची पाठवणी असते, नाही तर आडत दुकानापुढून रात्री नेलेल्या मोटारसायकलचं सीसीटीव्हीतलं चित्रण असतं. असे व्हिडिओ पुन्हा काढता येत नाहीत.

इतक्या वर्षांच्या कामावरून मी खात्रीनं सांगतो, 'उघडत नाही' म्हणून माझ्यासमोर येणारे बहुतेक व्हिडिओ धडधाकट असतात. ती फाइल कोणत्या जातीची आहे, हे समोरच्या मोबाइलला किंवा टीव्हीला कळलेलं नसतं. याच्या उलटही घडतं. माणूस व्हिडिओ समजून एखादी फाइल जपून ठेवतो, पण तिच्यात व्हिडिओ मुळात आलेलाच नसतो, आणि हे फार उशिरा कळतं. इंटरनेटवरून थेट बघायच्या, म्हणजे स्ट्रीमिंगच्या व्हिडिओंच्या बाबतीत हे वारंवार होतं आणि मला तेच जास्त टोचतं. दोन्ही गोष्टी घरच्या घरी ओळखता येतात, त्यासाठी संगणकाचं शिक्षण लागत नाही. म्हणून हा लेख.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, त्या सुमाराला इकडच्या लग्नांचं शूटिंग व्हीएचएस कॅसेटवर व्हायचं. मग व्हीसीडी आली, मग डीव्हीडी. पुढं कॅमेऱ्याचे साधे मोबाइल आले आणि मोबाइल शॉपीत पैसे देऊन मेमरी कार्ड भरून घ्यायची पद्धत पडली. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली, डेटा स्वस्त झाला, तसं सेनगाव-औंढ्याकडच्या खेड्यांतही लोक व्हिडिओ थेट इंटरनेटवरून बघू लागले. यातल्या प्रत्येक टप्प्यानं आपापल्या जातीच्या फाइली मागं ठेवल्या, आणि आज त्या सगळ्या घरातल्या एकाच हार्ड डिस्कवर येऊन पडल्यात.

व्हीसीडी संगणकात घातली की 'एमपीईजीएव्ही' नावाचा फोल्डर दिसतो आणि त्यात डॅट फाइल असते. डॅट हे नावामागचं शेपूट इतर शेकडो प्रोग्रॅम कशालाही लावतात, त्यामुळं मोबाइल तिला व्हिडिओ मानायला तयार होत नाही. आत मात्र एमपीईजी-१ पद्धतीचा साधा व्हिडिओ असतो, ३५२ बाय २८८ ठिपक्यांचा. डीव्हीडीत व्हीओबी फाइली असतात. त्या प्रत्येकी जास्तीत जास्त एक जीबीच्या, त्यामुळं एकच लग्न तीन-चार तुकड्यांत विभागलेलं असतं. लोक पहिली फाइल पेनड्राइव्हवर घेतात आणि सप्तपदी कुठं गेली म्हणून विचारतात.

जुन्या बटणांच्या मोबाइलमधली थ्रीजीपी फाइल मला फार मोलाची वाटते. कळमनुरीकडच्या एका कुटुंबाकडे आजोबांनी म्हटलेल्या भारुडांची अशी एक फाइल होती. नव्या टीव्हीवर आजोबांचे ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. घरच्यांनी आवाज कायमचा गेला असं धरून ठेवलं होतं. त्या काळच्या मोबाइलमध्ये आवाज एएमआर नावाच्या पद्धतीनं साठवला जाई. ती पद्धत फोनवरच्या बोलण्यासाठी बनलेली, आणि पुष्कळ टीव्हींना ती वाचता येत नाही. आवाज जिथल्या तिथं शाबूत होता. तो आजच्या एएसी पद्धतीत बदलून दिला. चित्र तेच अंधुक राहिलं, पण आजोबा बोलायला लागले.

इथं एक गोष्ट नीट समजून घेतली की पुढचं सगळं सोपं होतं. हिंगोली-वसमतच्या बाजारात पोत्यावर काय छापलंय ते बघून कुणी हळदीचा भाव करत नाही. पोतं उघडतात, हळकुंड मोडून बघतात. व्हिडिओ फाइलही तशीच. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय, एफएलव्ही, टीएस ही पोत्यांची नावं, त्यांना कंटेनर म्हणतात. आत चित्र एका पद्धतीनं दाबून भरलेलं असतं आणि आवाज दुसऱ्या. दाबायच्या आणि पुन्हा उलगडायच्या त्या पद्धतीला कोडेक म्हणतात. एकाच एमपी४ मध्ये २००३ साली आलेला एच.२६४ कोडेक असू शकतो, २०१३ चा एच.२६५ असू शकतो, किंवा २०१८ चा एव्ही१. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात. जुन्या मोबाइलला पहिला वाचता येतो, पुढचे दोन येत नाहीत.

परदेशात किंवा पुण्यात नोकरीला असलेला मुलगा आयफोनवर बाळाचा व्हिडिओ काढून पाठवतो आणि इकडं आजीच्या संगणकावर आवाज येतो पण पडदा काळा, ती तक्रार यातलीच. आयफोन २०१७ पासून एच.२६५ मध्ये चित्रण साठवू लागले. याच पद्धतीला एचईव्हीसी असंही नाव आहे. तिच्यावर अनेक कंपन्यांची पेटंटं आहेत, त्यामुळं विंडोज संगणक ती चालवायला पुष्कळदा वेगळे पैसे मागतो. मुलाला फोनच्या सेटिंगमध्ये कॅमेरा, मग फॉरमॅट्स, मग 'मोस्ट कंपॅटिबल' निवडायला सांगावं. पुढचे व्हिडिओ एच.२६४ मध्ये येतील. व्हॉट्सअॅपवरून पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावेत, म्हणजे मूळ फाइल जशीच्या तशी पोचते. एरवी व्हॉट्सअॅप चित्र दाबून लहान करतं.

आता ओळखायचं कसं? नावाच्या शेवटी टिंबानंतर जी अक्षरं असतात ती फक्त चिठ्ठी आहे. कुणीही ती बदलू शकतं, आणि बदलल्यानं आतला माल बदलत नाही. शिवाय विंडोज ही शेवटची अक्षरं आपण होऊन लपवून ठेवतं. म्हणून पहिलं काम, फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये जाऊन 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' हा पर्याय चालू करा. हे मी प्रत्येकाला सांगतो, व्हिडिओचा प्रश्न नसला तरी.

खरी ओळख फाइलच्या पोटात, अगदी सुरुवातीला असते. फाइलचे कच्चे अंक आणि अक्षरं दाखवणारे छोटे प्रोग्रॅम फुकट मिळतात, त्यांना हेक्स व्ह्यूअर म्हणतात. लहान फाइल नोटपॅडमध्येही उघडते. मोठी उघडू नका, संगणक अडकून बसतो. आणि बघून झाल्यावर सेव्ह मात्र करू नका. पुढं चित्रविचित्र खुणा दिसतील, त्याकडे लक्ष देऊ नका, पहिली काही अक्षरं बघा. एफएलव्ही ही तीन अक्षरं असतील तर तो फ्लॅश व्हिडिओ, २००५ साली सुरू झालेल्या यूट्यूबचा सुरुवातीचा प्रकार. पाचव्या जागेपासून एफ-टी-वाय-पी दिसलं तर एमपी४ किंवा तिची भावंडं. त्यापुढं 'थ्रीजीपी' असेल तर जुना मोबाइल, 'क्यूटी' असेल तर अॅपलच्या १९९१ च्या क्विकटाइमचा वारसा. 'आरआयएफएफ' आणि थोडं पुढं 'एव्हीआय' दिसलं तर १९९२ पासूनची एव्हीआय. 'आरआयएफएफ'पुढं 'सीडीएक्सए' असेल तर व्हीसीडीवरून उतरवलेली डॅट. सुरुवातीच्या गिचमिडीत 'मात्रोस्का' किंवा 'वेबएम' शब्द सरळ वाचता येतो, ती एमकेव्ही किंवा गूगलनं २०१० मध्ये आणलेली वेबएम. आणि पहिलंच अक्षर इंग्रजी 'जी' असेल, मग दर १८८ बाइटांनी पुन्हा 'जी' येत असेल, तर ती टीएस म्हणजे ट्रान्सपोर्ट स्ट्रीम. डिश टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सकडे येणारा प्रवाह याच जातीचा, आणि स्ट्रीमिंगचाही मोठा भाग याच जातीचा.

हे वाचून कुणाला भीती वाटली असेल तर त्यानं मीडियाइन्फो हा फुकट प्रोग्रॅम घ्यावा. फाइल त्यात टाकली की कंटेनर कोणता, चित्राचा कोडेक कोणता, आवाजाचा कोणता, लांबी किती, हे सगळं तो लिहून देतो. मोबाइलवरही तो मिळतो. आणि चालवून बघायला व्हीएलसी. या प्लेअरबद्दल मला मनापासून आदर आहे. १९९६ मध्ये पॅरिसजवळच्या एकोल सांत्राल या संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी तो प्रकल्प सुरू केला, तो मुळात वसतिगृहाच्या नेटवर्कवरून उपग्रह वाहिन्या बघायला, म्हणजे स्ट्रीमिंगसाठीच. २००१ मध्ये त्यांनी तो सगळ्या जगाला मोफत आणि खुला केला. त्यात जाहिराती नाहीत, पैसे नाहीत, आणि बहुतेक कोडेक त्याच्या पोटातच आहेत. २०२२ मध्ये काही महिने भारतातून त्याचं संकेतस्थळ उघडत नव्हतं. त्या काळात लोकांनी नको त्या ठिकाणांहून नको त्या फाइली उतरवल्या. नोव्हेंबर २०२२ मध्ये ते पुन्हा खुलं झालं. आता व्हिडिओलॅन या मूळ संस्थेच्या जागेवरूनच घ्या. व्हीएलसीत व्हिडिओ चालू असताना 'टूल्स'मधून 'कोडेक इन्फर्मेशन' उघडलं की मीडियाइन्फोसारखीच माहिती तिथंही दिसते.

व्हीएलसीत चाललं पण टीव्हीवर चालत नाही, तर फाइल चांगली आहे हे सिद्ध झालं. मग फक्त टीव्हीला कळेल अशी प्रत करायची. जो आज जवळपास सगळे टीव्ही आणि मोबाइल वाचतात तो जोड म्हणजे एमपी४ कंटेनर, एच.२६४ चित्र, एएसी आवाज. आत आधीच एच.२६४ असेल तर चित्र पुन्हा दाबायची गरजही नाही. एफएफएमपेग नावाचं अवजार आहे, फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रॅमरनं २००० मध्ये सुरू केलेलं. ते आतला माल जसाच्या तसा ठेवून फक्त कंटेनर बदलतं. मिनिटाभरात काम होतं आणि चित्राची प्रत जराही उतरत नाही. माझ्या धंद्यातले काही लोक अशा वेळी सगळा व्हिडिओ नव्यानं बनवतात, चार तास संगणक चालू ठेवतात आणि चित्र पहिल्यापेक्षा वाईट करून देतात. ग्राहकानं विचारावं, "नुसता कंटेनर बदलून होईल का?"

आता स्ट्रीमिंगकडे येतो.

औंढा तालुक्यातल्या एका गावात अखंड हरिनाम सप्ताह झाला. सातही दिवस कीर्तनं मोबाइलवरून थेट दाखवली. एका तरुणानं मोठ्या आस्थेनं ती 'सेव्ह' केली आणि पेनड्राइव्ह माझ्याकडे आणला, गावासाठी चांगल्या प्रती करून द्या म्हणून. सात फाइली होत्या, दिवसांची नावं नीट लिहिलेली. प्रत्येकीच्या शेवटी एम३यू८. मी त्याला आकार दाखवला. एकही फाइल धड दोन केबीची नव्हती. दोन तासांचं कीर्तन अगदी वाईट प्रतीचं असलं तरी शे-दोनशे एमबीच्या खाली बसत नाही. फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर पहिल्या ओळीत हॅशचं चिन्ह आणि 'ईएक्सटीएम३यू', खाली काही आकडे आणि इंटरनेटचे पत्ते. एवढाच ऐवज होता. पत्त्यांवर जाऊन बघितलं, तर तिकडचं सगळं निघून गेलेलं.

हे असं का होतं ते सांगतो. २००९ मध्ये अॅपलनं आयफोनसाठी एचएलएस नावाची पद्धत आणली. मोठा व्हिडिओ एकसंध पाठवला तर नेट जरा ढिलं पडताच अडकतो. म्हणून त्याचे सहा ते दहा सेकंदांचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा दोन-तीन दर्जांत तयार ठेवायचा, आणि कोणता तुकडा कुठं आहे याची एक यादी द्यायची. मोबाइल ती यादी वाचतो, नेटचा वेग बघून योग्य दर्जाचा पुढचा तुकडा मागवतो, दाखवतो आणि टाकून देतो. थेट प्रक्षेपणात यादी दर काही सेकंदांनी बदलते, जुने तुकडे तिच्यातून गळतात. रेंज कमी झाली की चित्र मध्येच धूसर होतं आणि पुन्हा स्वच्छ होतं, ते याचमुळं. एम३यू८ म्हणजे ती यादी. तुकडे म्हणजे टीएस फाइली. २०१२ मध्ये डॅश नावाची अशीच दुसरी पद्धत प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यात यादीला एमपीडी म्हणतात आणि तुकडे बहुधा एम४एस असतात.

म्हणून आकार बघणं ही माझ्या मते सगळ्यांत मोठी आणि सगळ्यांत दुर्लक्षित परीक्षा आहे. व्हिडिओ म्हणून ठेवलेली फाइल काही केबींची असेल तर तो व्हिडिओ नाही. ती यादी किंवा पत्ता आहे, आणि पत्त्यावरचं घर आज उभं असेल तर आजच तिथं जायला हवं. व्हीएलसीत 'ओपन नेटवर्क स्ट्रीम'मध्ये तो पत्ता टाकला आणि व्हिडिओ चालला, तर तो अजून तिथं आहे.

ही अडचण नवी नाही. १९९७ मध्ये रिअलव्हिडिओ आला, तेव्हा अमेरिकेतल्या मराठी घरांत फोनच्या तारेवरून चालणाऱ्या इंटरनेटवर लोक भारतातली गाणी आणि बातम्या ऐकत-बघत. त्यात आरएम म्हणजे खरी फाइल, आणि आरएएम म्हणजे नुसता पत्ता. मायक्रोसॉफ्टच्या पद्धतीत डब्ल्यूएमव्ही म्हणजे खरी फाइल, एएसएक्स म्हणजे पत्ता. आरएम आणि आरएएममध्ये एकाच अक्षराचा फरक, पण एकात सगळं आहे आणि दुसऱ्यात काही नाही. तिकडून आलेल्या एका जुन्या सीडीवर मला दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी सापडले होते. आरएम फाइली टिंब आणि 'आरएमएफ' या अक्षरांनी सुरू होत होत्या, त्या व्हीएलसीत चालल्या. आरएएम फाइलींतले सर्व्हर कधीच बंद पडलेले होते.

काही वेळा तुकडेच हाती लागतात, क्रमांक घातलेल्या शंभर-दोनशे टीएस फाइली. त्या पुसू नका. टीएसची रचनाच अशी आहे की तुकडे क्रमानं एकापुढं एक जोडले की सलग व्हिडिओ तयार होतो, कुठलाही तुकडा मधूनच सुरू झाला तरी चालतो. एम४एस तुकड्यांचं तसं नाही. त्यांच्यासोबत सुरुवातीची एक छोटी फाइल असते, तीत कोडेकची माहिती असते, ती नसेल तर बाकीचे तुकडे बोलत नाहीत. डॅशमध्ये चित्र आणि आवाजही बहुधा वेगवेगळे येतात. 'डाउनलोड केलं पण मुकंच आहे' ही तक्रार इथून निघते. चित्राची फाइल आली, आवाजाची राहिली. दोन्ही असतील तर एफएफएमपेग त्यांना काही न बिघडवता एकत्र करून देतं.

खरोखर बिघडलेली फाइल कशी असते, तेही सांगायला हवं. एमपी४ मध्ये 'मूव' नावाचा एक भाग असतो. कोणतं चित्र फाइलमध्ये कुठं आहे याची नोंद त्यात असते, आणि कॅमेरा ती नोंद रेकॉर्डिंग थांबवताना लिहितो. लाइट गेली, बॅटरी बसली, कुणी कार्ड ओढून काढलं, की दोन जीबीची फाइल तयार असते पण नोंद नसते. प्लेअर तिला हात लावत नाही. एफएफएमपेग अशा फाइलवर 'मूव अॅटम नॉट फाउंड' असा संदेश देतं. तरीही आशा सोडू नका. त्याच कॅमेऱ्यावर, त्याच सेटिंगमध्ये काढलेली दुसरी चांगली फाइल सोबत दिली, तर 'अनट्रंक'सारखी मोफत साधनं तिच्या आधारानं हरवलेली नोंद पुष्कळदा पुन्हा बांधतात. संगणकावरून थेट प्रक्षेपण करणाऱ्यांनी रेकॉर्डिंग एमकेव्हीत ठेवावं. ते मधेच तुटलं तरी तुटेपर्यंतचा भाग चालतो, आणि कार्यक्रम संपल्यावर त्याची एमपी४ करता येते. आपल्याकडच्या विजेचा भरवसा बघता मी याबाबत आग्रही आहे.

सीसीटीव्हीच्या फाइली हा स्वतंत्र आणि गंभीर विषय. बाजारातल्या पुष्कळ रेकॉर्डरमधून डीएव्ही फाइल निघते. तिच्यात 'डीएचएव्ही' ही अक्षरं दिसतात, आणि ती रेकॉर्डर बनवणाऱ्या कंपनीच्या मोफत प्लेअरमध्ये किंवा एफएफएमपेगवर बांधलेल्या प्लेअरमध्ये चालते. काही रेकॉर्डर एमपी४ नाव लावलेली फाइल देतात, पण आत 'आयएमकेएच' अशी खूण असलेली वेगळीच जात असते. चोरीचा, अपघाताचा पुरावा असेल तर माझं ऐका, मूळ फाइल बदलू नका. तिचं नावसुद्धा बदलू नका. रेकॉर्डरवरून पेनड्राइव्हवर जशी उतरली तशी ठेवा, कंपनीचा प्लेअर सोबत ठेवा आणि बघण्यासाठी वेगळी प्रत करा. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे. त्याच्या कलम ६३ खाली डिजिटल पुराव्याबरोबर जे प्रमाणपत्र लागतं त्यात फाइलचं हॅश मूल्य लिहावं लागतं. हॅश म्हणजे फाइलमधल्या सगळ्या अंकांवरून काढलेला एक लांबलचक आकडा. एक अक्षर बदललं तरी तो आकडा बदलतो. कंटेनर बदललेली प्रत डोळ्यांना तीच दिसेल, हॅशला ती वेगळी फाइल आहे.

ओटीटी अॅपमध्ये 'डाउनलोड' केलेले सिनेमे मोबाइलच्या फोल्डरात सापडतात आणि चालत नाहीत. ते कुलूपबंद असतात, किल्ली अॅपकडे असते. हक्कभंगाच्या हेतूनं असली कुलपं तोडणं २०१२ च्या दुरुस्तीनं कॉपीराइट कायद्यातल्या कलम ६५अ खाली गुन्हा आहे. अशी कामं मी घेत नाही.

अनोळखी फाइलींबाबत सावधगिरीचाही एक भाग आहे. व्हिडिओ चालवायला 'हा कोडेक डाउनलोड करा' असं जी फाइल स्वतः सांगते, तिच्यावर विश्वास ठेवू नका. व्हीएलसी आणि मीडियाइन्फो या दोघांनाही जी ओळखता आली नाही, तिला एखादा नवा प्लेअर कुठूनतरी शोधून लावायच्या भानगडीत पडू नका. २०२४ पासून लग्नपत्रिकेच्या नावानं व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल पाठवून मोबाइलचा ताबा घेणारे, बँक खाती रिकामी करणारे लोक फिरताहेत. एपीके म्हणजे अॅप. ती पत्रिका नसते आणि व्हिडिओही नसतो. पाठवणारा सख्खा भाचा असला तरी आधी फोन करून विचारा, कारण त्याचाच मोबाइल चोरांच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

हे सगळं मी एवढ्या तळमळीनं लिहितोय त्याचं कारण नर्सी इथं, कयाधू नदीच्या काठी उभं राहिलं की कळतं. संत नामदेवांचं हे गाव आपल्या जिल्ह्यात. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथ साहिबात आहेत, गुरुमुखी लिपीत. कुणीतरी ती ऐकली, पाठ केली, दुसऱ्या मुलखात दुसऱ्या लिपीत उतरवून घेतली, म्हणून ती तिथं टिकली. आज याच भागात सप्ताह होतात, काल्याची कीर्तनं होतात, म्हाताऱ्या बायका जात्यावरच्या ओव्या अजून म्हणतात, आणि हे सगळं मोबाइलवरून थेट दाखवलं जातं. दाखवणारे समजतात की ते इंटरनेटवर कायमचं राहिलं. ते राहत नाही. १९ फेब्रुवारी २०२५ पासून फेसबुकनं नियम केलाय की थेट प्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग ३० दिवसच राहील. त्यापूर्वीची जुनी रेकॉर्डिंग उतरवून घ्यायला पेज चालवणाऱ्यांना सूचना पाठवून ९० दिवसांची मुदत देण्यात आली. कोरोनाच्या टाळेबंदीत देवळं बंद असताना अनेक महाराजांनी रिकाम्या घरात बसून केलेली कीर्तनं अशाच पेजांवर होती. ज्यांनी सूचना वाचून उतरवून घेतली त्यांच्याकडे ती आहेत.

म्हणून प्रत्येक सप्ताह समितीला, प्रत्येक गणेश मंडळाला आणि हिंगोलीच्या दसऱ्यासारखे मोठे उत्सव मोबाइलवरून दाखवणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे. वर्गणी गोळा करायला जसा एक माणूस नेमता, तसा रेकॉर्डिंग जपायला एक नेमा. थेट दाखवताना त्याच मोबाइलवर किंवा दुसऱ्या मोबाइलवर वेगळं रेकॉर्डिंगही चालू ठेवा. पेजवरचा व्हिडिओ अधिकृत 'डाउनलोड' पर्यायानं उतरवून घ्या, त्याचा आकार केबीत आहे की एमबीत ते बघा, गावाचं नाव, महाराजांचं नाव आणि तारीख फाइलच्या नावातच लिहा, दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा आणि एकदा शेवटपर्यंत चालवून बघा. कार्यक्रम संपल्यापासून तीस दिवसांच्या आत.